गाडीच्या आधीचा तांदूळ

नीता, ये गो, जरा जवळ सरक. तू पुण्यात आणि मी महाडात, तरी लिहिताना तू समोर बसली आहेस असंच धरते, म्हणजे मला नीट रागावता येतं. मैत्रिणीला लग्नाला जायला गाडी दिलीस, तिनं ती कुणाच्या तरी गेटला घासली, आणि आता मला विचारतेस, मावशी, इन्शुरन्स मिळेल का? हे किल्ली द्यायच्या आधी विचारायचं असतं. पॉलिसी वाचलीस का म्हटलं तर म्हणतेस, पीडीएफ आलीय. औषधाची बाटली कपाटात ठेवली म्हणून कुणाचा ताप उतरलाय का कधी?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, पण माझ्या पद्धतीनं. माझ्या विम्याच्या धंद्यातली एक उसन्या गाडीची हकिगत सांगते. चूक कुणाची होती तेही सांगते, पण शेवटी.

माझं ऑफिस तुला माहीत आहे. एसटी स्टँडजवळचा गाळा, दोन खुर्च्या, एक टेबल आणि मनात येईल तेव्हा चालणारा प्रिंटर. त्या दिवशी सकाळी शटर वर करायला गेले तर गणपत पायरीवर बसलेला. साठी ओलांडलेला माणूस, शिवथरच्या रस्त्याला त्याचं गाव. आत आला, खुर्चीवर बसला नाही, खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही तू पोचव झुबेदाभाभीकडे. मी काय आता त्यांच्या दारात जात नाय."

"का रे? पायाला काय झालं?"

"पायाला नाय, ताई. तोंडाला. तोंडानंच घात केला माझ्या."

गाडी त्याची नव्हे. त्याच्या शेजारच्या इक्बालची. इक्बाल कतारला नोकरीला, दोन वर्षांनी एकदा येतो. गावात त्याची बायको झुबेदा आणि म्हातारी आई, म्हणजे सकिनाचाची. इक्बालनं गाडी घेतली ती आईसाठी, पण चालवणार कोण? झुबेदाला येत नाही. गणपतनं मुंबईत तीस वर्षं कंपनीच्या साहेबांची गाडी चालवलेली. इक्बालनं जाताना त्याला सांगितलं, "दादा, उभी राहून सडेल ती. तू फिरवत जा, तुझ्या कामाला पण ने." तेव्हापासून एक किल्ली झुबेदाकडे आणि दुसरी गणपतच्या घरी खुंटीला.

चाचीच्या पायाला साखरेची जखम. दर मंगळवारी आणि शुक्रवारी महाडला ड्रेसिंग. एसटीची पायरी तिला चढवत नाही, रिक्षात दणके बसले की टाके ओले होतात. म्हणून गणपत तिला गाडीतून न्यायचा, मागच्या सीटवर उशी ठेवून, पाय लांब करून. इतकं सावकाश चालवायचा की मागचे हॉर्न मारायचे, आणि चाची आतून म्हणायची, "वाजवू दे, त्यांना घाई हाय, आपल्याला नाय."

अशाच एका शुक्रवारी परत येताना वळणावर समोरून एमआयडीसीची शिफ्टची बस अंगावर आली. गणपतनं गाडी डावीकडे घेतली, चाक गटारात गेलं आणि पुढचा भाग मोरीच्या कठड्यावर बसला. बंपर, एक दिवा आणि रेडिएटर गेला. चाचीला काही झालं नाही, उशी पडली तेवढीच. बस थांबलीही नाही.

गणपतनं लगेच मला फोन केला. त्यात त्यानं पहिली गोष्ट काय विचारावी? "ताई, कागदावर इक्बालच चालवत होता असं लिहूया का? गाडी त्याची, मी पडलो परका."

"इक्बाल कतारमध्ये बसून आपल्या मोरीवर गाडी चढवत होता का रे?"

"तसं नाय, पण..."

"पण नाही नि बिण नाही. जो चालवत होता त्याचंच नाव."

नीता, हे नीट लक्षात ठेव. विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नव्हे. मालकानं आपण होऊन गाडी दिली असेल आणि चालवणाऱ्याचं लायसन चालू असेल, तर परक्या माणसाच्या हातून झालेलं नुकसानसुद्धा पॉलिसीत बसतं. गणपतचं लायसन मी स्वतः हातात घेऊन बघितलं. इक्बालनं कतारवरून परवानगीचं पत्र पाठवलं, सही केलेला क्लेम फॉर्म पाठवला. गाडी महाडच्या गॅरेजात गेली. मला वाटलं, सरळ काम आहे.

मग सर्व्हेअर आला. सर्व्हेअर म्हणजे नुकसान खरं किती आणि कसं झालं ते बघायला कंपनी पाठवते तो माणूस. हा पनवेलहून आलेला, माझ्या धाकट्यापेक्षा लहान, पण बोलायला गोड. त्यानं गाडीचे फोटो काढले, डिकी उघडली. डिकीत तांदळाची गोणी. त्या शुक्रवारीच गणपतनं नवं भात गिरणीतून भरडून आणलं होतं, चाचीला घरी सोडून गोणी उतरवणार होता. अपघाताच्या गडबडीत ती तशीच राहिली. मी तेव्हा गॅरेजवाल्याशी एस्टिमेटवरून हुज्जत घालत होते, त्यामुळे पुढचं संभाषण मला नंतर कळलं.

"काका, हा माल कोणाचा?"

"भाभीचाच. त्यांच्या घरी द्यायचा."

"त्यांनी विकत घेतला?"

"छे. आम्ही देतो दरवर्षी. गाडी वापरतो ना त्यांची. आम्ही कुणाचं फुकट वापरत नाय, साहेब."

साहेबानं लिहून घेतलं. गणपतनं छाती काढून सही केली.

आता ह्यात काय बिघडलं ते सांगते. आपल्या गाडीला पांढरी पाटी, टॅक्सीला पिवळी. पांढऱ्या पाटीची पॉलिसी घरच्या वापरासाठी. ती भाड्यानं दिली, किंवा वापरायच्या बदल्यात काही घेतलं, की कंपनी म्हणते हा धंदा झाला, आमच्या पॉलिसीत बसत नाही. पॉलिसीवर ते इंग्रजीत असतं, 'हायर ऑर रिवॉर्ड'. हायर म्हणजे भाडं. रिवॉर्ड म्हणजे इथं बक्षीस नव्हे, मोबदला. पैसेच असायला हवेत असं नाही. कंपनीच्या हिशेबात तांदूळही मोबदला.

दोन आठवड्यांनी झुबेदाकडे पत्र आलं. गाडी मोबदला घेऊन वापरायला दिल्याचं दिसतं, क्लेम का नाकारू नये याचा सात दिवसांत खुलासा करा. झुबेदानं ते गणपतला वाचून दाखवलं. ती एक शब्द वाकडा बोलली नाही. चहा केला, त्याच्यासमोर ठेवला. तो चहा त्याला पिववला नाही.

"ओरडली असती तर बरं झालं असतं," त्या सकाळी किल्ली ठेवून तो मला म्हणाला. "मी त्यांना धंदेवाले करून टाकलं गो. इक्बालनं भावासारखी किल्ली दिली आणि मी सायबाला भाडं सांगून आलो. आता कुठल्या तोंडानं त्या गाडीत बसू?"

"आणि चाचीचं ड्रेसिंग?"

"आता जातात तशा रिक्षानंच जातील," तो म्हणाला, आणि गेला.

किल्ली मी ड्रॉवरमध्ये ठेवली. झुबेदाकडे पोचवली नाही. एकदा ती पोचली असती तर त्याचं म्हणणं पक्कं झालं असतं.

विमा कंपनीच्या शाखेतल्या साहेबांना फोन लावला.

"ताई, सोपं आहे," ते म्हणाले. "नवीन स्टेटमेंट घ्या. गोणी त्याची स्वतःची होती, घरी नेत होता, आधी घाबरून चुकीचं बोलला. संपलं."

"पण साहेब, ते खोटं आहे."

"तांदळावर नाव लिहिलेलं असतं का, ताई?"

खोटं कशाला बोलू, नीता, मला क्षणभर बरं वाटलं. दुपारी मी शिवथरच्या एसटीत बसले आणि गणपतच्या अंगणात जाऊन हेच त्याला सांगितलं.

"म्हणजे मी सही करून सांगायचं, तो तांदूळ माझा."

"कागदापुरतं."

"चाचीला दिलेला तांदूळ परत माझा म्हणू? हे मला जमणार नाय, ताई. क्लेम जाऊ दे."

मला माझीच लाज वाटली. मुद्दा तोच होता ना. तांदूळ दिला ते खरं होतं. प्रश्न एवढाच होता की तो कशासाठी दिला. आणि हे कुणी धड विचारलंच नव्हतं. सर्व्हेअरनं नाही, साहेबांनी नाही, मीसुद्धा नाही.

मग मी त्याला विचारलं, "गणपत, उद्या इक्बालनं गाडी विकून टाकली, तर पुढच्या वर्षी तांदूळ बंद?"

मी त्याच्या घरातल्या कुणाला शिवी दिल्यासारखं त्यानं माझ्याकडे बघितलं. "काय बोलतेस, ताई? तांदूळ कशाला बंद होईल?"

"मग सर्व्हेअरला गाडीचं का सांगितलंस?"

तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर त्याला रोज टोमणे बसायचे. "काय गणपतशेठ, फुकटची गाडी बरी फिरवता." त्याला उत्तर म्हणून तो सांगायचा, फुकट नाय, तांदूळ देतो. इतक्यांदा सांगितलं की जिभेवर बसलं. त्या दिवशी सर्व्हेअरच्या तोंडून प्रश्न आला आणि ह्याच्या तोंडून टपरीचं उत्तर.

तिथून मी पलीकडे चाचीकडे गेले. ती ओट्यावर पाय उशीवर ठेवून बसलेली. गाडी गॅरेजात गेल्यापासून ड्रेसिंगला रिक्षानं जात होती, पट्टीवर ओल दिसत होती. मी विचारलं, चाची, गणपतकडून तांदूळ कधीपासून येतो?

"गणपतकडचा?" ती हसली. "गो शालन, मी ह्या घरात नवी नवरी होऊन आले ना, तेव्हा पहिल्या दिवाळीनंतर ह्याचा आजा डोक्यावर टोपली घेऊन दारात उभा. मी सासूला विचारलं, ह्याला पैसे किती द्यायचे? सासू म्हणाली, गप बस, ह्याचे पैसे विचारायचे नसतात. आणि पावसाच्या तोंडावर आमच्याकडून मीठ आणि सुकी मासळी त्यांच्या घरी. आता त्यांच्याकडे नवा तांदूळ निघाला की पहिला देवाला, मग त्याच्या बहिणीला, मग आमच्याकडे. सुरू कुणी केलं ते कुणालाच ठाऊक नाय. तेव्हा गाडी कुठली? रस्ताच नव्हता."

मी म्हटलं, चाची, हे सगळं खरं, पण ऑफिसला कागद लागतो. सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही.

चाचीनं झुबेदाला आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणायला लावला. त्यात इक्बालची जुनी पत्रं. तो पहिल्यांदा कतारला गेला तेव्हा घरात फोन नव्हता. इक्बाल आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, पत्रं मराठीत. झुबेदा एकेक उलगडून वाचत होती आणि चाची मान हलवत होती, हे नाय, हे नाय. मग एक सापडलं. त्यात लिहिलं होतं, "अम्मा, गणपतदादाकडचा नवा तांदूळ आला असेल. त्याची पेज करून पी. इथला तांदूळ लांब आहे, पण शिजताना घराचा वास येत नाही."

चाचीनं पदरानं चष्मा पुसला. मी सरळ पत्रावरची तारीख बघितली, कारण माझं काम ते. पत्र गाडीच्या आरसी बुकापेक्षा वीस वर्षांनी जुनं होतं.

"हे मी झेरॉक्सला नेते," म्हटलं.

"ने. पण अस्सल संध्याकाळी परत पाहिजे," चाची म्हणाली. "आणि खालचं झाकून झेरॉक्स काढ."

"का?"

झुबेदा खालचं वाचून हसायला लागली. इक्बाल तेव्हा बिनलग्नाचा. खाली लिहिलं होतं की म्हसळ्याची ती मुलगी पसंत असेल तर कळवा. झुबेदा म्हसळ्याची नाही.

"झाकू नका ताई," ती म्हणाली. "जाऊ दे कंपनीला. मी पण त्याला फोनवर विचारते, म्हसळ्याची कोण ते."

त्या घरात कंपनीचं पत्र आल्यापासून हसू आलं नसावं. मी खालचं झाकूनच झेरॉक्स काढली. त्यांच्या घरातलं ते.

खुलासा मी माझ्या हातानं लिहिला. मी दहावी बाहेरून दिलेली बाई, एजंटची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास. मला वकिली भाषा येत नाही. मी लिहिलं की गणपतनं जे सांगितलं ते त्यानं सांगितलं, आम्ही नाकारत नाही. तांदूळ दिला हे खरं आहे. पण तो गाडीच्या बदल्यात नव्हे. गाडी नव्हती तेव्हाही तो येत होता, गाडी गेली तरी येईल. मोबदला असता तर किती, कधी, कशासाठी हे आधी ठरलं असतं, इथं कुणीच काही ठरवलेलं नाही. सोबत पत्राची झेरॉक्स आणि आरसी बुकाची झेरॉक्स. खाली गणपतची सही, झुबेदाची सही, चाचीचा अंगठा.

चौथ्या दिवशी सर्व्हेअरचा फोन.

"मावशी, खुलासा माझ्याकडे आलाय. पण काका स्वतः म्हणाले होते की गाडी फुकट वापरत नाही."

"म्हणाले ना. पण सर, गाडी नसती तर तांदूळ आला असता का, असं तुम्ही विचारलंत का?"

"नाही विचारलं," तो म्हणाला. "मी विचारायला पाहिजे होतं."

पोलादपूरला त्याचं दुसरं काम होतं, परतताना तो गावात शिरला. चाचीशी बसून बोलला, गणपतशी बोलला, टपरीवरही विचारून आला. टपरीवाला म्हणाला, आम्ही चिडवतो हो साहेब, तो आपला चिडतो. निघताना चाचीनं त्याच्यासाठी पिशवीत दोन पायली तांदूळ बांधला. तो हात जोडून मागे सरला.

"आजी, नको. हा मात्र खरंच मोबदला होईल."

क्लेम पास झाला. कंपनी जुन्या पार्टची झीज धरून जे काय कापते ते कापलं, बाकी गॅरेजला गेलं. सोमवारी गॅरेजवाल्यानं गाडी झुबेदाच्या अंगणात आणून लावली. मी गणपतला फोन करून सांगितलं. "बरं झालं," म्हणाला, आणि ठेवला.

मंगळवारी सकाळी झुबेदाचा फोन. "ताई, अम्मा गाडीत जाऊन बसलीय. ड्रेसिंगची पिशवी मांडीवर. रिक्षा बोलावते म्हटलं तर उतरत नाय. गणपतदादाला बोलवायलाही देत नाय. म्हणते, त्याला ठाऊक हाय आज मंगळवार."

ड्रॉवरमधून किल्ली घेतली, शटर ओढलं आणि पहिली रिक्षा पकडली. गणपत घरी नव्हता, मागच्या शेतात वालाच्या वेलांत वाकलेला. मी बांधावर उभी राहिले आणि किल्ली पुढे केली.

"चाची गाडीत बसलीय. ऊन चढतंय."

त्यानं किल्लीकडे बघितलं. हाताला माती होती. पाटाच्या पाण्यात हात धुतले, सदऱ्याला पुसले, परत बघितलं, परत पुसले. मग किल्ली घेतली आणि माझ्या पुढे झपझप निघाला.

अंगणात जाऊन गाडीत बसला, आरसा सरळ केला. आरशात चाची.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"वाल बघत होतो."

"वाल काय पळून जातो?"

त्यानं मागे वळून तिच्या पायाखालची उशी नीट केली आणि गाडी चालू केली. फाटकाबाहेर पडली तेव्हा ती चालत होती का थांबली होती हे सांगता आलं नसतं, इतकी सावकाश.

आता चूक कुणाची ते. माझी. ती पॉलिसी मी झुबेदाच्या ओट्यावर चहा पीत विकली. गणपत तिथंच होता. त्यानं विचारलं होतं, ताई, मी चालवली तर चालेल ना? मी म्हटलं, लायसन आहे ना, झालं तर. निम्मं उत्तर दिलं, आणि ज्या पानावर उरलेलं निम्मं होतं ते उलटलंसुद्धा नाही. आता प्रत्येक घरात मी ते पान मराठीत वाचून दाखवते. लोक जांभया देतात. देऊ देत.

तेव्हा नीता, तुझं असं. मैत्रिणीचं लायसन चालू आहे का ते बघ, खरं तेच लिही, कुणाचं गेट ते लिही, त्याचं नुकसान आणि तुझ्या गाडीचं नुकसान वेगवेगळं धरतात. आणि तिनं तुला गाडीच्या बदल्यात काही दिलं असेल तर ते सर्व्हेअरच्या आधी मला सांग.

फोनवर नको, इथं येऊन सांग. नवा तांदूळ आलाय. चाचीनं मलाही पाठवलाय, आणि मी काय सर्व्हेअर नाही, मी घेतला. रविवार धरून ये. पेज मी करते, तू येताना पॉलिसीचा कागद छापून आण. दोघी मिळून वाचू.